माप

वडिलांच्या वहीत पाय आहेत.
सव्वीस वर्षांचे, पेन्सिलीने गिरवलेले,
अंगठ्यापाशी जरा थबकून,
टाचेपाशी घाईघाईत वळून.
पुठ्ठ्यावर, बार्नबा दौलत सातपुते, सुभाषनगर, कोल्हापूर.
आत नाव, गाव, राहिलेली बाकी.
घुणकीचे पैलवान. डावा पाय अर्धं बोट मोठा.
उत्तरेश्वर पेठेतल्या बाई. टाचेला भेगा, अस्तर मऊ.
कागलचे सरपंच. कापशी जोड, करकर पाहिजे,
विंचू घालणे.

मी वेण्या घालायचे
कातड्याच्या बारीक वाद्यांच्या.
बाभळीच्या सालीचा वास बोटांतून जायचा नाही.
रविवारी प्रार्थनेला हात जोडले
की तोच नाकाशी.

एकदा पाळक सांगत होते
नदीकाठच्या त्या माणसाचं,
मागून येणाऱ्याच्या पायताणाचा बंद
सोडायचीही आपली लायकी नाही म्हणणाऱ्याचं.
सगळं चर्च माना खाली घालून.
वडील माझ्या कानाशी वाकले,
"सोडायची नसंल. बांधायची हाय की आमची."
आईनं डोळे वटारले.
मी खोकल्याचं सोंग केलं.

घरी येऊन तेच चालू.
रापी दगडावर घासत, मधेच पाणी शिंपडत,
"सुतार म्हणत्यात त्याला. आसंल.
पण त्या राती जेवणावरनं उठला,
कमरंला टॉवेल बांधला,
आन् एकेकाचा पाय हातात घेतला,
तवा त्यो आपल्या धंद्यातला झाला.
सुताराचं पायाशी काय काम?"

आजोबांनी शिवलेला जोड
पाटलाच्या उंबऱ्यापर्यंत जायचा.
आजोबा चिंचेखाली.
पैसे वरून पडायचे तळहातात.
हे वडिलांनी एकदाच सांगितलं,
तेही दुसरंच काहीतरी सांगताना.

तारणारा हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचित.
ते म्हणायचे, गिऱ्हाईक.
"पैसं आधीच मोजून गेलाय.
घासाघीस न्हाई, पावती न्हाई.
जोड तेवढा आपल्याकडनं द्यायचा ऱ्हायलाय."
"आणि माप?"
"माप द्यायला येणार हाय म्हणं."

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली.
विचारलं, कुणीतरी कुठंतरी मेलं
म्हणून आपली बाकी कशी फिटते?
ते दोऱ्याला मेण लावत होते. लावून झालं.
मग वही उघडली.
उचगावचा रशीद हमाल, पाय फताडे,
बाकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ.
"ह्यानं इचारलं न्हाई कशी फिटली.
घातली, आन् गेला चालत."
मला ते उत्तर वाटलं नाही.
अजूनही पुरतं वाटत नाही.

माघात ते गेले.
पेटीत त्यांच्याबरोबर काय ठेवायचं यावर
काकांचं आणि आईचं वाजलं.
आरी ठेवली शेवटी. वही माझ्याकडे आली.

शेवटच्या पानावर पाय नाहीत.
वर नुसतं, प्रभू.
खाली त्यांचं तिरकं अक्षर.
अंगठा नको.
पट्टा रुंद घेणे, खिळ्याची जागा सोडून मागे.
अस्तर शेळीचं, दोन पदरी.
शिवण आत येऊ नये, जखमेला लागेल.
विंचू घालू नये. न वाजता येणार आहे.
बाकी: माझ्याकडे.

उत्तम शुक्रवारी बँकेला सुट्टी होती.
आई उपासनेला गेली, मी गेले नाही.
त्यांच्या पाटावर बसले,
शेळीचं कातडं मांडीवर घेतलं,
पण मापाशिवाय रापी कुठून फिरवायची कळेना.
तीन वाजले असतील.
गल्लीत टँकर येऊन गेला होता, घागरी थंडावल्या होत्या.
दारावरच्या गोणपाटाखालून दोन पाय दिसले,
सावलीच्या कडेकडेनं चाललेले,
अनवाणी असावेत, वाजले नाहीत.
कुणाचे ते बघायला मी उठले नाही.

पेन्सिल शोधली,
आणि तिला टोक काढत बसले.